पहाटे साडेचारचा भोंगा: घर दुसऱ्याचं, मांजरं दुसऱ्याची, झोप माझी

अर्धीझोप (मंगळवार, पहाटे ५:१०)

वेळ बघून कळलंच असेल. ओळखीतल्या एका बाईंचं घर राखायला तीन आठवड्यांसाठी आले आहे. आजचा सहावा दिवस. घर झकास आहे. झाडांना पाणी घालायचं, टपाल उचलून ठेवायचं आणि दोन मांजरं सांभाळायची, बस. जाताना बाई म्हणाल्या, "दोघंही अगदी शांत आहेत हो, घरात मांजरं आहेत हे तुला कळणारसुद्धा नाही."

मला कळतंय. शेजाऱ्यांनाही कळत असावं.

पहिला बंड्या. पाच वर्षांचा, साडेसहा किलोचा बोका, नसबंदी झालेला. बरोब्बर साडेचारला बेडरूमच्या दाराशी येतो. आधी एक बारीकसं, परवानगी मागितल्यासारखं "म्यांव?" मग जरा लांबवलेलं. मग दाराखालच्या फटीत पंजा घालून दार हलवतो, खड खड खड. थांबतो. कानोसा घेतो (मी शपथेवर सांगते, तो कानोसा घेतो). आणि मग गळा काढतो, तो पाचपर्यंत. आज सव्वापाचची तयारी दिसतेय, कारण मी हे लिहितेय तेव्हा दार अजून हलतंय. दार उघडलं की पायात घोटाळत स्वयंपाकघराकडे पळतो आणि मी येतेय ना, हे मागे वळून वळून बघतो.

दुसरी राणी. पंधरा वर्षांची म्हातारी. अंगावरून हात फिरवला की हाडं लागतात. दिवसभर सोफ्याच्या कोपऱ्यात झोपलेली. रात्री साडेअकरानंतर मात्र पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि असा हंबरडा फोडते की पहिल्या रात्री मला वाटलं, बाहेर कुणाचं तरी बाळ रडतंय. उचलायला गेलं तर दचकून फिस्कारते.

आतापर्यंत केलेले उपाय: ओरडून झालं (उपयोग शून्य, वर दुसऱ्याच्या मांजरावर ओरडल्याचं वाईट वाटलं ते वेगळंच). उठून खायला दिलं, तर दुसऱ्या दिवशी सव्वाचारला हजर. दार उघडं टाकून झोपले, तर डोक्यावर बसला, अक्षरशः डोक्यावर. कानात कापूस घातला. अजून पंधरा दिवस काढायचे आहेत, माझं दिवसाचं कामही इथूनच चालतं, आणि काल एका मीटिंगमध्ये मी स्वतःच्याच वाक्याच्या मधोमध डोळे मिटले.

बाईंना कळवू का? त्यांच्या सहलीचा विचका होईल म्हणून हात आखडतोय.

श्वानपक्षी (मंगळवार, सकाळी ७:४०)

म्हणून कुत्रा पाळावा. तोही पहाटे उठवतोच, पण आपण उठलो याचा त्याला निदान आनंद होतो.

बोकोबा (मंगळवार, सकाळी ८:२५)

वरच्या प्रतिसादाला फाट्यावर मारून पुढे जातो.

अर्धीझोप, तो तुला छळत नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं कर. त्यानेच निम्मा राग उतरतो. मांजराला आपण सरसकट निशाचर म्हणतो, पण तिची खरी वेळ पहाट आणि संध्याकाळ, म्हणजे धड उजेड नाही आणि धड अंधार नाही अशी. शिकारीला तेव्हाच मजा येते. आणि एकटं घर, झोपलेली माणसं, दिवसाचे बारा-चौदा तास झोपून काढलेले, मग पहाटे अंगात येणारच.

दुसरी गंमत म्हणजे मोठी मांजरं आपसात फारशी म्याव करत नाहीत. पिल्लं आईला अशी हाक मारतात, आणि पाळीव मांजरं ती हाक पुढे आयुष्यभर माणसांसाठी राखून ठेवतात. म्हणजे हा आवाज खास आपल्यासाठी आहे. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की खायला मागतानाच्या घुरघुरीत एक उंच, रडण्यासारखा सूर मिसळलेला असतो. ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची आणि कमी सुखाची वाटली. तेव्हा तुझी झोप उडते यात तुझा काही कमकुवतपणा नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. तू एकदा उठून दिलंस, तिथे फसलीस. रोज दिलं असतंस तरी परवडलं असतं, पण कधी मिळतं, कधी मिळत नाही, याच्याइतकी चिवट सवय दुसरी नाही. आता एकदम बंद केलंस तर आवाज आधी वाढेल, मग उतरेल. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? निघून जातो का? दहा वेळा दाबतो, जोरात दाबतो. तुझा सव्वापाचचा कार्यक्रम तोच आहे. त्या क्षणी उठलीस, तर "सव्वापाचपर्यंत ओरडावं लागतं" एवढंच तो शिकणार.

संध्याकाळी आणि झोपण्याआधी त्याला खेळवून दमव. काठीला पीस बांधलेलं खेळणं उत्तम. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण मन लावून. पीस सोफ्यामागे लपव, थांबव, परत जरासं हलव, आणि शेवटी त्याला धरू दे. लेझरचा ठिपका नको. तो कधीच हाती लागत नाही आणि बोका आणखी पेटतो. खेळ संपला की लगेच दिवसाचं शेवटचं खाणं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा क्रम त्याच्या अंगातच आहे, आपण फक्त घड्याळ सरकवायचं. खेळणं मात्र नंतर कपाटात बंद कर. मांजराने दोरा गिळला तर तो आतड्यात अडकतो आणि आतडं चिरतो.

तिरकस (मंगळवार, सकाळी ९:०२)

मांजरं आहेत ती, दत्तक घेतलेली बाळं नाहीत. खोली बदल. पॅसेजच्या पलीकडची घे, दाराला आतून जाड रजई अडकव, फोमचे इअरप्लग आण. कापसाने काहीही होत नाही. इअरप्लगच्या डबीवर तीसेक डेसिबल लिहिलेलं असतं. तेवढं नाही तरी बरंच कमी होतं, फक्त नीट वळून घालायला शीक. आणि "अगदी शांत आहेत" म्हणणाऱ्या बाईंना सरळ फोन कर. ही फसवणूक आहे.

खिडकीतली (मंगळवार, सकाळी १०:१५)

@तिरकस, फसवणूक वगैरे नसेल हो. स्वतःच्या मांजराचा आवाज माणसाला ऐकू येणं बंद होतं. माझ्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल पाहुणे मला सांगतात, तेव्हा मला कळतं.

अर्धीझोप, दार उघडताना त्याच्याशी बोलू नकोस, बघूसुद्धा नकोस. "गप रे बाबा" हेसुद्धा त्याच्या दृष्टीने उत्तरच असतं. पाण्याची पिचकारी वगैरे कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नकोस. तो पहाटे ओरडायचा थांबणार नाही, फक्त तुझ्या हाताला घाबरायला लागेल, आणि तुला अजून पंधरा दिवस त्याच हाताने त्याला भरवायचंय.

कातरवेळ (मंगळवार, दुपारी १:३०)

सगळे बंड्याच्या मागे लागलेत. मला राणीची काळजी वाटते.

मी नऊ वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण पंधरा वर्षांची, हाडं लागणारी, रात्री भिंतीकडे तोंड करून रडणारी मांजरी म्हटलं की मी काही गोष्टी विचारल्याशिवाय फोन ठेवत नसे. तू बघून सांग:

भूक कशी आहे? खात असूनही बारीक आहे का? पाणी जास्त पिते का, लिटरमध्ये (शी-शूच्या खोक्यातल्या वाळूत) लघवीचे गोळे मोठे असतात का? सोफ्यावर चढताना कचरते का? मागून हाक मार, कान वळतो का बघ. अंधारात धडकते का?

म्हाताऱ्या मांजरांचं रात्रीचं रडणं बऱ्याच कारणांनी असतं. थायरॉइड वाढलेलं असलं की खा खा करतात आणि तरी झडत जातात, बेचैन असतात. रक्तदाब वाढतो, त्याने डोळे अचानक जाऊ शकतात. सांधे दुखतात. ऐकू कमी येतं, मग स्वतःचाच आवाज कळत नाही आणि भसाड्या सुरात ओरडतात. आणि माणसांसारखंच म्हातारपणचं विसरणंही असतं, आपण घरात कुठे उभे आहोत तेच कळेनासं होतं. यातलं कुठलंही खेळवून किंवा दुर्लक्ष करून जात नाही.

आणि बंड्याबद्दल एकच. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतोय, कुंथतोय, थेंबही येत नाहीये आणि ओरडतोय असं दिसलं, तर ते पहाटेचं नाटक नव्हे. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन दिवसांत जाऊ शकतो. रात्र असो, सुट्टी असो, तडक दवाखाना. रोज लिटर उपसताना त्याचे गोळे मोजत जा. घर राखणाऱ्याच्या कामात मी हे सगळ्यात वर ठेवीन.

अर्धीझोप (मंगळवार, रात्री ९:५०)

कातरवेळ, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. आज दिवसभर राणीवर नजर ठेवली.

खाते. भरपूर खाते. बंड्याच्या ताटलीतलं उरलेलंही चाटून जाते, म्हणूनच मला वाटलं होतं की तब्येत ठणठणीत आहे. पाण्याचं वाडगं एकच असल्याने कोण किती पितं ते कळेना, म्हणून मोजपात्राने मोजून दोन वाडगी दोन खोल्यांत ठेवली आणि तिच्या खोलीचं दार दुपारी बंद केलं. लिटर बॉक्सही एकच आहे, तोही तिच्याकडे द्यावा लागला आणि बंड्याला पुठ्ठ्याचं खोकं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बंड्याचे गोळे मोजले, तीन आहेत, झकास.

कानाचं मात्र खरं आहे. मागून टाळी वाजवली, काही नाही. भांडं आपटलं, काही नाही. पण जमिनीवर पाय आपटला तर लगेच वळली. म्हणजे मी इतके दिवस तिच्या मागून जाऊन तिला उचलत होते आणि ती का फिस्कारते म्हणून नाराज होत होते.

कातरवेळ (मंगळवार, रात्री १०:२०)

पायाची कंपनं तिला कळतात. यापुढे समोरून जा, पाय जरा वाजवत जा, आधी हात हुंगू दे. पाणी दोन-तीन दिवस मोज. किलोमागे दिवसाला पन्नास मिलिलिटरच्या वर सारखं जात असेल तर डॉक्टरांना आकडाच सांग, "जास्त पिते" असं नको. आणि दोन मांजरांना लिटर बॉक्स तीन हवेत असा आमच्याकडे नियम सांगायचे, मांजरं अधिक एक. बाईंना हेही सांग, पण जरा गोडीत.

जुनी_खोड (बुधवार, सकाळी ६:३०)

उशिरा आले धाग्यावर. मुलं मोठी झाल्यापासून मी हेच करते, चाळीसच्या वर घरं राखली असतील, त्यातली निम्म्याहून जास्त मांजरवाल्यांची. माझं मत वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे.

बोकोबा म्हणतात ते पुस्तकात बरोबर. पण ते स्वतःच्या मांजराला. तू तीन आठवड्यांची पाहुणी. बोक्याला वळण लावायचं की नाही हे ज्यांचा बोका आहे त्यांनी ठरवायचं. तू मोडलेली सवय त्या आल्यावर परत लावतील आणि त्या बिचाऱ्याला दोन बायकांचे दोन कायदे पाळावे लागतील.

त्याआधी एक साधी गोष्ट बघायची. घड्याळ लावल्यासारखा रोज साडेचारला येणारा बोका मला तरी खोडकर वाटत नाही. त्याला कुणीतरी ती वेळ दिलेली आहे.

एकदा एका घरात मांजरी रोज रात्री दहाला बाथरूमच्या दाराशी बसून आकांत करायची. मी खायला दिलं, मांडीवर घेतलं, खेळवलं, काही उपयोग नाही. चौथ्या दिवशी मालकांना सहज विचारलं, तुमची संध्याकाळ कशी असते हो? ते म्हणाले, दहाला आंघोळ करतो, मग तिला नळाची बारीक धार सोडून देतो, ती पिते. एवढंच! कागदावर त्यांनी खाण्याचे ग्रॅम लिहिले होते, डॉक्टरांचा नंबर लिहिला होता, नळ लिहिला नव्हता. तो त्यांच्या लेखी मांजरीच्या कामात मोडतच नव्हता.

म्हणून बाईंना तक्रार करू नकोस. "बंड्या साडेचारला ओरडतो" असं लिहिलंस तर त्या ओशाळतील आणि "अय्या, असं कधी करत नाही तो" म्हणतील. विचार, "तुमचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा जातो ते जरा सांगा, म्हणजे यांना परकं वाटणार नाही." दिवे कुठले चालू असतात, रेडिओ लागतो का, कोण कुठे झोपतं, सगळं.

@तिरकस, इअरप्लगला माझी हरकत नाही, मीही वापरते, पण एकाच कानात. दुसऱ्याच्या घरात धुराचा अलार्म नि दाराची बेल आपल्याला ऐकू यायलाच हवी. कुशीवर झोपायचं, उघडा कान उशीत. खरंच काही झालं तर उशीतूनही कळतं.

तिरकस (बुधवार, सकाळी ९:४०)

एका कानाचा इअरप्लग. बरं. चाळीस घरांचा अनुभव आहे, गप्प बसतो.

नवखा (बुधवार, दुपारी १२:०५)

थोडं अवांतर. मीही पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जाणार आहे. मांजरं शांत करायला प्लगमध्ये लावतात ते फेलिवे, कॅटनिप (मांजरांना झिंग आणणारी वनस्पती) वगैरे घेऊन जाऊ का?

बोकोबा (बुधवार, दुपारी १२:५०)

मालकांना विचारून. फेलिवेत मांजर गाल घासून सोडते त्या गंधाची नक्कल असते. कुठल्या मांजराला फरक पडतो, कुठल्याला नाही, आणि दिसायला काही दिवस जातात, म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामाला फुकट. कॅटनिप सगळ्यांना चढत नाही, साधारण तीनातलं एक मांजर ढिम्म असतं. २०१७ मधल्या एका पाहणीत सिल्व्हर व्हाइन या वेलीची पूड त्यापेक्षा जास्त मांजरांना, पाचातल्या जवळपास चारांना, लागू पडली होती. पण हे दहा मिनिटांचे खेळ, झोपेचं औषध नव्हे. संध्याकाळी दे, रात्री नको.

अनोळखी मांजराशी ओळख करायला फुकटातला उपाय म्हणजे जमिनीवर बस, त्याच्याकडे बघून डोळे हळूहळू मीट, हळूहळू उघड. २०२० मध्ये ससेक्सच्याच लोकांनी तपासलं, परक्या माणसाने असं केलं की मांजरं जास्त सहज जवळ येतात. घरात कुणी बघत नाहीये ना, एवढी खात्री करून घे.

खिडकीतली (बुधवार, दुपारी १:१५)

नवखा, आणि जाताना कुणी लिलीची फुलं दिली तर त्या घरात नेऊ नका. मांजराची किडनी जाते, अंगावर पडलेला पराग चाटला तरीही. आणि माणसाची पॅरासिटॅमॉल ओट्यावर ठेवायची नाही. मांजराला ती विष आहे.

अर्धीझोप (गुरुवार, रात्री ८:३५)

जुनी_खोड, तुमचे पाय कुठे आहेत?

बाईंना तुमच्याच शब्दांत लिहिलं. दोन तासांनी हा लांबलचक निरोप आला. उतरवून देते:

"अगं माझी सकाळची शिफ्ट असते ना, मी साडेचारला उठते. उठल्या उठल्या बंड्याला त्याचं देऊन टाकते, मग चहा. सुट्टीच्या दिवशीही उठून देते नि परत झोपते, मला काही वाटत नाही. राणी रात्री पॅसेजच्या दिव्याखाली झोपते, तो दिवा आम्ही कधी बंद करत नाही, तिचं अंथरूण तिथेच असतं, तू बघितलं असशील."

मला दिलेल्या कागदावर लिहिलंय: "सकाळी दोघांना खायला." सकाळी! मी आठला देत होते. म्हणजे बोका साडेतीन तास उपाशी बसून मला वेळेची आठवण करून देत होता आणि मी त्याच्या नावाने धागा काढला.

आणि दिव्याचं सांगायलाच नको. पहिल्या दिवसापासून रोज रात्री, दुसऱ्याचं वीजबिल वाढू नये म्हणून, मी शहाण्यासारखी पॅसेजचा दिवा बंद करत होते. ते अंथरूण मला पायपुसणं वाटलं होतं. झाडून कपाटात ठेवलं होतं.

आत्ता दिवा लावलाय, अंथरूण जागेवर टाकलंय. त्यावर राणीचेच केस आहेत, ते मुद्दाम झटकले नाहीत.

जुनी_खोड (गुरुवार, रात्री ९:१०)

पाय घरीच आहेत, दुखतात. साडेचारला उठायचं नसेल तर बाईंना विचार, वेळ पुढे सरकवू का म्हणून. हो म्हणाल्या तर एकदम सहावर उडी नको.

बोकोबा (गुरुवार, रात्री ९:४५)

माझा लिफ्टचा दृष्टान्त तेवढा परत घेतो. लिफ्ट खरंच साडेचारला यायची होती.

वेळ सरकवायची असेल तर असं कर. फोनचा अलार्म लाव, त्याच्यासाठी वेगळा सूर. तो वाजला की खाणं, आवाजाला नाही. म्हणजे तू उठतेस ती अलार्ममुळे, त्याच्या गळ्यामुळे नाही, हे त्याला कळायला हवं. अलार्म वाजला नि तो गळा काढून बसलाय, तर तो श्वास घ्यायला थांबेल तेवढा क्षण गाठून दार उघड. दर दोन दिवसांनी दहा मिनिटं पुढे. आणि रात्रीचं खाणं जरा उशिरा.

अर्धीझोप (रविवार, सकाळी ७:२०)

बाईंची परवानगी मिळाली ("जमलं तर मलाही सुट्टीला झोपता येईल"). शुक्रवारपासून सुरू केलं. अलार्मला साडेचारला उठते, देते, परत झोपते. एक साधी बासरीची धून ठेवली आहे. आज चार चाळीसला होता. बंड्या दाराबाहेर होता, पण गप्प बसला होता. दाराखालून नुसता पंजा दिसत होता, हलत नव्हता.

राणी गुरुवारी रात्री रडली नाही. शुक्रवारी एकदा, थोडंसं. काल परत बरंच रडली, दिवा असूनही. दोन, अडीच, साडेतीन. तिच्या शेजारी जमिनीवर बसले, तर मांडीला डोकं टेकून उभी राहिली, आणि अंग इतकं तापल्यासारखं, छातीत इतकं भराभर. पाणी तीन दिवस मोजलं, रोज अडीचशेच्या घरात. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून केलं, तीन किलो शंभर.

कातरवेळ (रविवार, सकाळी ७:४५)

दिव्याने अर्धं गेलं, अर्धं राहिलं. उरलेलं डॉक्टरांचं. तीन किलोला अडीचशे म्हणजे खूप झालं. आजच बाईंना कळव, आकड्यांसकट, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे उद्याची वेळ घ्यायला सांग. तपासणीला आणि खर्चाला त्यांची लेखी संमती घे, निरोपात लिहिलेलं चालतं. रडतानाचा फोनवर व्हिडिओ कर. टेबलावर नेली की ती एकदम संत होणार, सगळ्याच होतात. रक्ताबरोबर रक्तदाबही मोजा म्हणावं, म्हाताऱ्या मांजरांचा पुष्कळदा राहून जातो. नेताना पेटीत तिचं तेच मळकं अंथरूण घाल.

तिरकस (रविवार, सकाळी १०:३०)

सहलीचा विचका होईल म्हणून सांगणार नव्हतीस ना तू? सांग. बाकी सगळ्यांशी माझं पटलं नाही तरी या एका मुद्द्यावर पटतं.

अर्धीझोप (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

थायरॉइड वाढलेलं निघालं. रक्तदाबही वाढलेला. किडनीवर नजर ठेवायला सांगितलीय. गोळ्या सुरू केल्यात, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला. बाई फोनवर रडल्या. म्हणाल्या, "खातेय म्हणून मी खूश होते गं." मी म्हटलं, मीही.

गोळी देणं हा एक स्वतंत्र धागा होईल. पहिल्या दिवशी गोळी माझ्या बाहीत सापडली, दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली. आता मऊ खाण्याच्या एवढ्याशा गोळ्यात लपवते. आधी दोन रिकाम्या, मग औषधाची, मग लगेच आणखी एक रिकामी दाखवते, म्हणजे चौथीच्या घाईत ती तिसरी न चावता गिळते. (ही गोळी खाण्याबरोबर चालते का, हे डॉक्टरांना विचारून घेतलंय.)

खिडकीतली (बुधवार, संध्याकाळी ७:००)

ही चार गोळ्यांची युक्ती मी सासऱ्यांवर करून बघणार आहे.

अर्धीझोप (पुढच्या बुधवारी, रात्री १०:४०)

शेवटचा दिवस. बाई दुपारी आल्या. बंड्या साडेपाचवर आलाय. मधे एकदा, शनिवारी, खिडकीबाहेर परका बोका आला नि याने सगळं घर डोक्यावर घेतलं. वर जवळून गेलेल्या राणीवरच पंजा उगारला. मी मधे हात घातला नाही, दोघांच्या मधे पुठ्ठा सरकवला, याला एका खोलीत अंधारात तासभर एकटं ठेवलं, खिडकीचा खालचा भाग वर्तमानपत्राने झाकला. निवळलं. राणी रात्री एकदा उठते अजून, थोडं बोलते, दिव्याखाली येऊन बसते. आधीचा तो हंबरडा नाही.

नवखा (पुढच्या बुधवारी, रात्री ११:०५)

परत जाणार का तिथे? आणि बाईंच्या शिफ्टचं काय, आता साडेपाचला खाणं आणि त्या उठणार साडेचारला?

अर्धीझोप (आठवड्यानंतरचा गुरुवार, सकाळी ९:३०)

जाणार, दिवाळीनंतरचं बोलावणं आजच आलंय. शिफ्टचं त्यांनीच सोडवलं. वेळ लावली की झाकण उघडतं असा डबा आणलाय, तो साडेपाचला उघडतो, त्या घरात असोत वा नसोत. बंड्याला दोन दिवसांत कळलं की खाणं कुठून येतं. आता पाचपासून डब्यासमोर बसून डब्यावर ओरडतो. बाई म्हणतात चालेल, डब्याला काही झोपायचं नसतं.